कंपनीत पर्यावरण, माणसं आणि कारभार यांवर बोलायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आधी क्वालिटीत होते, आता चार वर्षं ईएसजीचं, म्हणजे पर्यावरण, माणसं आणि कारभार या तिन्हींचं, टेबल सांभाळते. टेबल एकच आहे आणि माणूसही एकच. बाकीच्या विभागांतले लोक आणि शेजारच्या प्लॉटवरचे ओळखीचे जे वरचेवर विचारतात, ते इथे लिहून ठेवलंय. उत्तरं कारखान्यातली आहेत. बँकेत किंवा आयटीत असाल तर आपल्या मापाची करून घ्या.

ईएसजी म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे हा शब्द काढला की लोक घड्याळाकडे बघतात.

बघणारच. हा शब्द कारखान्यात जन्मलेला नाही, गुंतवणूकदारांकडून आलाय. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून तो रूढ झाला. कंपनीत पैसा घालताना नफ्याबरोबरच तिचं निसर्गाशी, माणसांशी आणि स्वतःच्या हिशेबाशी वागणं कसं आहे तेही बघा, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा, या सगळ्याची माहिती द्यायचा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा केला.

शॉपवर, म्हणजे मशीनजवळ, मी हा शब्द उच्चारतच नाही. ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करतात तिथून) बाहेर पडणारं पाणी, ठेकेदारामार्फत आलेल्या पोरांचा पीएफ आणि भंगाराची वजनपावती, एवढी तीन नावं घेतली तरी पुरतं. त्यावर प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच.

आमची कंपनी लहान, शेअर बाजारात नाही. आम्ही कशाला डोकं घालायचं?

कारण तुमचा गिऱ्हाईक मोठा आहे. पुरवठादारांची माहिती द्यायची सक्ती सेबीने सध्या सैल केलीय, ती ऐच्छिक आहे. पण मोठ्या कंपन्यांच्या प्रश्नावल्या काही थांबलेल्या नाहीत. आणि माल युरोपात जात असेल तर गोष्ट आणखी जवळची. तिथल्या कार्बन सीमाशुल्काची फक्त माहिती द्यायची फेरी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू होती आणि १ जानेवारी २०२६ पासून खरी अंमलबजावणी आली. त्यात पोलाद आणि ॲल्युमिनियमबरोबर नट-बोल्ट-स्क्रूसुद्धा आहेत. भोसरीतल्या बोल्टवाल्याला 'एका टनामागे कार्बन किती?' असं विचारणारा मेल येतो तो त्यामुळे. तो मेल आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच मेंटेनन्स आणि अकाउंट्सला एकत्र बसवलेलं बरं, कारण निम्मी उत्तरं वीजबिलात असतात आणि निम्मी डिझेलच्या पावत्यांत.

विषय काढायचा कसा? भाषण दिल्यासारखं वाटू नये म्हणून काय करू?

वस्तूवर बोट ठेवा. पृथ्वी, पुढची पिढी, जबाबदारी हे सगळं घरी ठेवून या.

मी सर्वांत आधी कॉम्प्रेस्ड हवेची गळती घेतली. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी शेड बंद, एकही मशीन हवा घेत नाही. तरीही कॉम्प्रेसर चालू ठेवला तर तो मधूनमधून लोडवर येतो, म्हणजे हवा भरायला लागतो. घेणारं कुणी नाही, मग हवा जाते कुठे? मेंटेनन्सच्या दोघांना चहा पाजून गुरुवारी थांबवलं आणि मोबाइलवर वेळ मोजली. कॉम्प्रेसर दीड मिनिट लोडवर, साडेचार मिनिटं अनलोडवर, पुन्हा दीड, पुन्हा साडेचार. सहातले दीड, म्हणजे पंचवीस टक्के हवा नुसती फुसफुसून जात होती. चांगली राखलेली लाइन दहा टक्क्यांच्या आत असते.

मग शांत शेडमध्ये आम्ही तिघं कान देऊन फिरलो. इतर दिवशी त्या आवाजात काही ऐकू येत नाही. त्या दिवशी प्रेस शॉपच्या कोपऱ्यात साप असल्यासारखं वाटत होतं. साबणाचं पाणी, खडू, आणि प्रत्येक फुसफुशीला एक गोल. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस गोल झाले.

तीन मिलिमीटरचं भोक सात बारच्या दाबाला साधारण तीन ते चार किलोवॉट वीज खातं. वर्षाला सहा हजार तास धरले तर कमीत कमी अठरा हजार युनिट. युनिट नऊ रुपयांनी लावा, एक लाख बासष्ट हजार झाले. आणि आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे त्या एका भोकामागे साधारण साडेबारा टन. हा शेवटचा आकडा मी शुक्रवारी सांगितला, सगळे रुपयांवर बोलून झाल्यावर. तेव्हा मेंटेनन्सचा एक जण म्हणाला, 'म्हणजे ईएसजी म्हणतात ते हेच का?' त्याच्या तोंडून तो शब्द आला हे मला माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

साहेब म्हणतात, 'आधी प्रॉडक्शन, मग तुमचं ते.' काय उत्तर देऊ?

साहेबांच्या डोक्यावर महिनाअखेरचं डिस्पॅच असतं. त्यांच्या खुर्चीत मीही तेच म्हटलं असतं. त्यामुळे पहिली गोष्ट, पंचवीस तारखेनंतर नवीन विषय काढू नका.

दुसरी, जे मुळात प्रॉडक्शनचंच आहे ते तसंच मांडा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र हे फ्रेम करून लावायचं सर्टिफिकेट नाही, चालू कारखान्याचा परवाना आहे. १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा मंडळाला कारखाना बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा आदेश देण्याचा अधिकार देतो. तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये निळी झालेली कुत्री रस्त्यावर फिरताना लोकांनी फोटो काढले, कासाडी नदीचं पाणी बातम्यांत आलं, आणि मंडळाने एका रंगाच्या कारखान्याला काम थांबवायला लावलं. तो कारखाना त्या आठवड्यात किती टन प्रॉडक्शन काढणार होता, हे आज कुणाला आठवत नाही.

पण ही गोष्ट एकदाच सांगा. दर मीटिंगला मंडळाची भीती दाखवणारा माणूस दुसऱ्या महिन्यात विनोदाचा विषय होतो. बाकी वेळी सरळ विचारा: 'साहेब, ईटीपीच्या गाळाची टाकी पन्नास टक्के भरलीय, पंधरा दिवस पुरेल. ट्रक या गुरुवारी बोलवू की पुढच्या?' करायचं की नाही, हा प्रश्नच टेबलावर आणायचा नाही.

बैठकीत कामगार काहीच बोलत नाहीत. 'सगळं चांगलंय' म्हणतात. खरंच चांगलं असेल का?

नसतं. याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी दुपारच्या पाळीतल्या महिला कामगारांची बैठक घेतली. असेंब्लीवर ठेकेदारामार्फत आलेल्या एकोणीस जणी. एचआरचे साहेब माझ्या शेजारी, ठेकेदाराचा सुपरवायझर दाराशी उभा. 'काही अडचण?' 'नाही मॅडम.' 'जेवण, पाणी, बस?' 'सगळं चांगलंय मॅडम.' मी इतिवृत्तात 'तक्रार नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत त्यांतल्या एकीशेजारी कट्ट्यावर बसले. संध्याकाळचे सहा वाजलेले, आणि तिची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. 'अगं, दुपारपासून पाणी नाही प्यायलीस?' ती हसली. 'नको मॅडम. प्यायलं की जावं लागतं.' बायकांचं स्वच्छतागृह होतं जुन्या शेडमागे. नंतर मी चालून मोजलं, ३४० पावलं. शिवाय लाइन सोडायची तर जागेवर दुसरं कुणी उभं राहायला हवं, आणि तसं कुणी नेमलेलंच नव्हतं. एकोणीस जणी आठ तास पाणी मोजून पीत होत्या. मी ऑफिसच्या इमारतीत बसते, माझ्या मजल्यावर स्वच्छतागृह दहा पावलांवर आहे. मला सुचलं नाही ते त्यामुळेच.

लाइनवर बदली माणूस त्याच आठवड्यात मिळाला. नवीन स्वच्छतागृहाला सात महिने लागले, त्यातले पाच नुसते मंजुरीत.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. सुपरवायझर खोलीत नको. 'अडचण' हा शब्द नको, कारण अडचण सांगणं म्हणजे कुणाचं तरी नाव सांगणं, असंच सगळ्यांना वाटतं. आणि प्रश्न वस्तूचा हवा: बाटली दिवसात किती वेळा भरता? हातमोजे किती दिवस टिकतात? बस चुकली तर घरी कशा जाता? या प्रश्नांना 'सगळं चांगलंय' हे उत्तर बसतच नाही.

ज्याचं काम त्यालाच चूक दाखवली की तो दुखावतो. मग?

चारचौघांत दाखवली की दुखावतोच. आमच्या ईटीपीवर एक काका आहेत, माझ्या दुप्पट नोकरी झालेली. लॉगबुकमध्ये पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) रोज साडेसात. सोमवारी साडेसात, मंगळवारी साडेसात, मुसळधार पावसातही साडेसात. मी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, 'काका, मीटरकडे बघता तरी का?' लोक हसले. काकांनी नंतर तीन आठवडे मला 'हो मॅडम' याच्या पलीकडे एक शब्द दिला नाही.

शेवटी मीच दोन कप चहा घेऊन ईटीपीवर गेले आणि विचारलं, 'हा मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला?' त्यांनी कपाटातून मागणीपत्राची झेरॉक्स काढली. मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायचा भाग) खराब झाल्याचं त्यांनी अकरा आठवड्यांपूर्वी लेखी दिलं होतं. खरेदी विभागात फाइल पडून होती, आणि आधीच्या मॅनेजरने त्यांना बजावलं होतं, 'रकाना रिकामा ठेवायचा नाही.'

खोटं रीडिंग खोटंच, त्याची बाजू मी घेणार नाही. त्या नोंदींवर पुढे मंडळाला जाणारी आकडेवारी उभी असते. पण ते खोटं काकांनी एकट्याने लिहिलेलं नव्हतं. आता नियम असा आहे की मीटर बंद असेल तर रकान्यात 'मीटर बंद' लिहायचं आणि त्यापुढे मागणीपत्राचा नंबर टाकायचा. पहिल्यांदा असं लिहिल्यावर प्रोब नऊ दिवसांत आला.

'हे सगळं दाखवण्यापुरतं असतं' असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला कसं समजवायचं?

आधी मान्य करा, कारण बऱ्याचदा तो बरोबर असतो. ५ जूनला पर्यावरण दिनाचा प्लॅस्टिकचा फ्लेक्स लावून, पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत रोपं खोचून, फोटो काढून आपण मोकळे होतो. जुलैत त्या रोपांकडे कुणी फिरकत नाही. हे बोलणाऱ्याला नकारात्मक ठरवू नका. माझ्याकडचे उत्तम कामाचे लोक याच टोळीतून आलेत. त्यांना एवढंच म्हणा, 'गेल्या वर्षीची किती रोपं जगली, तेवढं मोजून देता का?' चिडका माणूस मोजतो फार चोख.

सीएसआर आणि हे एकच ना?

नाही. सीएसआर म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली, ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करणं. ती नफा कमावल्यानंतरची गोष्ट. इथे आपण बोलतोय तो नफा कमावला कसा, यावर. गावातल्या शाळेला बाकं दिली म्हणून ओढ्यात सोडलेलं पाणी स्वच्छ होत नाही.

कंत्राटी कामगारांचा विषय युनियनचा की आमचा?

दोघांचा. आणि युनियनला वगळून तो घेतलात तर तो तिथेच संपला असं समजा. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कार्य समितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. शिवाय २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य. नवीन 'ईएसजी समिती' काढण्याआधी या जुन्या समित्या शेवटच्या कधी बसल्या ते बघा. आमच्याकडे उत्तर होतं, चौदा महिन्यांपूर्वी.

ठेकेदाराशी बोलताना 'तुम्ही पीएफ भरत नाही' असं म्हणू नका. पीएफ भरल्याचं चलन मागा आणि हजेरीपटाशी ताडून बघा. कामगाराला त्याच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून द्या, त्याचा त्यालाच कळू दे. ठेकेदाराने पगार थकवला तर शेवटी जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर, येते, हे आमच्या फायनान्सच्या साहेबांना कळलं त्या दिवसापासून चलनं दर महिन्याला वेळेत येतात.

लैंगिक छळाची किंवा जातीवरून बोलण्याची गोष्ट कानावर आली, तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवू का?

नाही. इथे 'संवाद' हा शब्दच चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची. तुमचं काम एवढंच, तक्रार करणाऱ्या बाईला समितीपर्यंतचा रस्ता दाखवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. 'जाऊ दे, त्याचा स्वभावच तसा आहे' हे वाक्य तुमच्याकडून येता कामा नये. समितीसमोर तडजोड होऊ शकते, पण ती मागायची असेल तर तिने मागायची, आणि पैशावर ती करता येत नाही.

जातीवरून कुणी कुणाला बोललं तर तेही 'गंमत' म्हणून सोडू नका. तारीख, जागा, ऐकणारे कोण, लिहून ठेवा आणि एचआरला लेखी द्या.

भंगाराच्या विक्रीत किंवा बिलांत गडबड दिसतेय. बोलू का?

बोला, पण एकट्याने नाही आणि कॅन्टीनमध्ये तर नाहीच. भंगाराचा ठेका कुणाकडे, हा प्रश्न आमच्या पट्ट्यात कुणी सहज म्हणून विचारत नाही. त्यामागे गावातली माणसं असतात, कधी त्यांच्या मागे आणखी माणसं. म्हणून माणसाचं नाव घेऊ नका, कागदाचं घ्या. 'आपल्या काट्यावर ४२४० किलो, बाहेरच्या काट्यावर ३९१०. फरक कशाचा?' एवढंच लेखी, स्वतःच्या साहेबांना, प्रत फायनान्सला. दोन काट्यांत थोडा फरक असतोच. प्रत्येक वेळी एकाच बाजूला असेल तर मात्र तो काट्याचा नसतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारीची सुरक्षित वाट ठेवावीच लागते, आणि गरज पडल्यास तक्रार सरळ ऑडिट समितीच्या अध्यक्षांकडे नेता येते. हे तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर असतं. कुणी उघडून बघत नाही इतकंच.

हिशेबाची गोष्ट लहान समजू नका. पीएमसी बँकेत एकाच गटाची थकलेली कर्जं हजारो बनावट खात्यांमागे लपवली गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. मुंबईत शाखांबाहेर पासबुक हातात धरून रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं आठवा. कारभार या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला मी तीच रांग सांगते.

मी बोललो आणि राग माझ्यावरच निघाला तर?

निघू शकतो. खोटा दिलासा देत नाही. तक्रारदाराला संरक्षण देणारा २०१४ चा केंद्रीय कायदा सरकारी कामापुरता आहे, आणि तोही प्रत्यक्षात लागू केलेला नाही. खासगी नोकरीत कलम १७७ची वाट, युनियन आणि तुमच्याजवळचे कागद, एवढाच आधार.

जिवाच्या धोक्याची गोष्ट वेगळी. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्येच फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहराला धोका आहे असं लिहिलं होतं. ऐकलं गेलं नाही, आणि १९८४ ची २ डिसेंबरची रात्र आली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला मिळाला. म्हणून गार्ड काढलेली प्रेस, वास येणारी पाइप, हार्नेसशिवाय पत्र्यावर चढलेला माणूस दिसला तर 'रचनात्मक पद्धतीने' वगैरे काही नाही. ओरडा, मशीन थांबवा, नंतर बोलू.

मराठीत बोलावं की इंग्रजीत?

समोरच्याच्या भाषेत. आमच्या एका लाइनवर परभणी, गया (बिहार) आणि गंजाम (ओडिशा) इथली माणसं शेजारी शेजारी उभी असतात, तिथे हिंदी. 'हॅझर्डस वेस्ट' म्हटलं की कुणाला काही कळत नाही, 'तेलकट चिंध्या पिवळ्या ड्रममध्ये' म्हटलं की लगेच हात ड्रमकडे जातो. रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात जाणाऱ्या ड्रमचं लेबल मात्र कायद्याच्या नमुन्यातलंच हवं.

बोलणं छान झालं, पुढे काहीच झालं नाही. काय करू?

काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं वहीत लिहून बैठकीतून उठा. 'मेंटेनन्स विभाग' असं लिहू नका. विभाग पान्याला हात लावत नाही, माणूस लावतो. पुढच्या वेळी वही उघडून मागचंच पान आधी वाचा. न झालेल्या कामाला कारण विचारा, बहुतेकदा ते दुसऱ्याच विभागात सापडतं. माझ्या अनुभवात दहातली सहा खरेदीत.

पहिली बैठक कधी ठेवू?

पगाराच्या दिवशी नको, गुरुवारी शेड रिकामी, आणि ४ मार्चच्या सुरक्षा सप्ताहात नको, तेव्हा सगळे शपथ आणि घोषणा स्पर्धेत अडकलेले असतात. पाळी बदलताना लाइनजवळच दहा मिनिटं उभ्याने घ्या, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं मिळतात. आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि बस पावणेचारला निघते, त्यामुळे तीन चाळीसला मी वही मिटते. कुणाचं वाक्य अर्धं राहिलं असेल तर बसपर्यंत त्याच्याबरोबर चालत जाते.